लग्नाचे व्हिडिओ चित्रीकरण : निवड, करार आणि जतन

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईची चाहूल लागते. कार्यालय, केटरर, गुरुजी, सनई-चौघडा, दागिने, साड्या, आहेर अशा याद्या घराघरांत होऊ लागतात आणि त्या याद्यांच्या शेवटी, बहुधा घाईघाईने, एक ओळ लिहिली जाते : 'फोटो आणि शूटिंग'. कार्यालयाची पाहणी तीनतीनदा होते, जेवणाची चव घेऊन पाहिली जाते. मात्र चित्रीकरणाचे काम कुणाच्या तरी ओळखीवर किंवा मोबाइलवर पाहिलेल्या मिनिटभराच्या तुकड्यावर सोपवले जाते. वास्तविक, लग्नासाठी घेतल्या जाणाऱ्या सेवांपैकी ही एक अशी सेवा आहे, की तिचे फळ कार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी हाती येते आणि त्यात उणीव निघाली तर ती भरून काढण्याची संधी उरत नाही. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. अंतरपाट दुसऱ्यांदा दूर होत नाही.

गेल्या चार दशकांत या व्यवसायाचे रूप पार पालटले. १९८०च्या दशकात व्हीएचएस कॅसेटवर लग्ने चित्रित होऊ लागली. पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. २००८ साली 'कॅनन ५डी मार्क टू' या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात उत्तम दर्जाचे चलच्चित्रण करण्याची सोय झाली आणि चित्रपटासारखी दिसणारी, पार्श्वभूमी धूसर असलेली दृश्ये लग्नाच्या चित्रफितींतही दिसू लागली. तासन्‌तास चालणाऱ्या कॅसेटची जागा चार-पाच मिनिटांच्या 'सिनेमॅटिक' फितीने घेतली. दृश्ये देखणी झाली, यात शंका नाही. परंतु या बदलात एक गोष्ट हातातून निसटत चालली आहे. ती म्हणजे लग्नघराचा मूळ आवाज.

जुन्या कॅसेटमधील बदामाच्या चौकटींना आणि पंगतीतील प्रत्येक पानावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला आज आपण हसतो. तथापि, त्याच कॅसेटमध्ये आजोबांचे बोलणे, मावशीने म्हटलेली मंगलाष्टके, आत्याने घेतलेले लांबलचक नाव हे सारे जसेच्या तसे सापडते. आजच्या छोट्या फितीत बहुतेक वेळा या सगळ्यावर एखादे गाणे चढवलेले असते. मूळ चित्रण काही महिन्यांनी स्टुडिओच्या संगणकावरून पुसले जाते आणि त्यासोबत ते आवाजही कायमचे जातात. म्हणूनच व्हिडिओग्राफर निवडताना 'दृश्ये किती सुंदर' या प्रश्नाइतकाच 'आमच्या माणसांचे बोलणे आमच्या हाती येणार का' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

काय हवे ते आधी ठरवा

बोलणी करण्यापूर्वी घरात बसून आपल्याला नेमके काय हवे, याचा निर्णय करावा. या व्यवसायात सध्या ढोबळमानाने दोन प्रकारचे काम चालते. 'ट्रॅडिशनल' चित्रीकरणात सर्व विधी आणि भेटीगाठी सलग टिपल्या जातात व दीड-दोन तासांची किंवा त्याहून मोठी चित्रफीत तयार होते. 'सिनेमॅटिक' प्रकारात निवडक क्षण कलात्मक रीतीने टिपून काही मिनिटांचा 'हायलाइट' आणि मिनिटभराचा 'टीझर' दिला जातो. दोन्हींसाठी लागणारी माणसे, त्यांची नजर आणि कॅमेऱ्याच्या हालचाली वेगळ्या असतात. एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा ठेवल्यास बहुधा दोन्ही अर्धवट होतात. खर्चाला मर्यादा असेल तर सलग चित्रीकरणास प्राधान्य द्यावे, असे सुचवावेसे वाटते. सलग चित्रणातून छोटी फीत पुढे केव्हाही तयार करून घेता येते. चार मिनिटांच्या फितीतून संपूर्ण विवाहसोहळा उभा करता येत नाही.

त्यानंतर कोणकोणत्या प्रसंगांचे चित्रीकरण करायचे, त्याची यादी करावी. साखरपुडा, मेंदी, देवक, घाणा, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, लग्न, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, झाल, विहिणीची पंगत, गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन यांपैकी आपल्याकडे काय होणार आहे, कोठे आणि किती वाजता, हे कागदावर आले की कामाचे तास आपोआप स्पष्ट होतात. बौद्ध पद्धतीचा, सत्यशोधक पद्धतीचा किंवा नोंदणी विवाह असेल तर विधी थोड्या वेळात आटोपतो. अशा वेळी प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येणे अधिकच आवश्यक असते. त्रिशरण-पंचशील असो वा वधूवरांनी घेतलेली प्रतिज्ञा असो, तेथे शब्द हाच विधी असतो.

मुहूर्ताच्या तारखा मोजक्या असतात आणि शहरातील चांगले व्यावसायिकही मोजकेच. कार्यालय निश्चित झाल्यावर लगेच, शक्यतो चार ते सहा महिने आधी, चौकशीला लागावे. काही कार्यालये आपल्या यादीतल्या व्यावसायिकांनाच परवानगी देतात किंवा बाहेरच्यांना आणल्यास वेगळे शुल्क आकारतात. कार्यालयाची पावती फाडण्यापूर्वीच याची विचारणा करणे श्रेयस्कर.

नमुना पाहताना

समाजमाध्यमांवरील फिती ही व्यावसायिकाची जाहिरात असते. वर्षभरात केलेल्या कामांतील सर्वोत्तम क्षण तिच्यात एकत्र आलेले असतात. त्यावरून कौशल्याचा अंदाज येतो, सातत्याचा येत नाही. म्हणून कोणत्याही एका लग्नाची, ग्राहकाला प्रत्यक्ष दिलेली संपूर्ण चित्रफीत पाहण्याचा आग्रह धरावा. शक्य असल्यास ती आपल्यासारख्याच लग्नाची असावी. भव्य हॉटेलमधील प्रकाशयोजना पाहून मध्यम आकाराच्या कार्यालयातील कामाचा अदमास बांधता येत नाही. आपण ठरवलेल्या कार्यालयातच केलेले एखादे काम दाखवता आले तर उत्तम.

पाहताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे. अंतरपाट दूर होऊन हार घातले जातात त्या क्षणी वधू आणि वर दोघांचेही चेहरे दिसतात का? मंगलाष्टके सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येतात का? गुरुजींचे मंत्र, वडीलधाऱ्यांचे बोलणे कळते का, की सगळीकडे गाणेच वाजते? गर्दीत कॅमेरा डळमळतो का? नातेवाइकांकडे पुरेसे लक्ष दिले आहे, की केवळ दागिने आणि सजावटच टिपली आहे? कार्यालयातील दिव्यांखाली चित्रात पट्टे किंवा लुकलुक दिसते का? आपल्याकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतात. कॅमेऱ्याची गती त्याच्याशी जुळवली नाही तर हा दोष उमटतो. डोळ्यांना कार्यालयात तो जाणवत नाही. चित्रफितीत मात्र तो खटकतो आणि नंतर काढणे कठीण जाते.

नमुना आवडला तर त्या कुटुंबाशी बोलता येईल का, हेही विचारावे. चित्रफीत कशी झाली याबरोबरच ती कबूल केलेल्या तारखेला मिळाली का, हा प्रश्न त्यांना आवर्जून करावा. या व्यवसायाविरुद्धच्या कुरबुरींत विलंबाची तक्रार नेहमीची आहे.

प्रत्यक्ष येणार कोण?

चित्रफिती दाखवणारा, बोलणी करणारा आणि लग्नाच्या दिवशी कॅमेरा हाती घेणारा ही एकच व्यक्ती असेल, असे गृहीत धरू नये. मोठ्या मुहूर्ताला एकच स्टुडिओ एकाच दिवशी अनेक ऑर्डर घेतो आणि रोजंदारीवरील कॅमेरामन पाठवून त्या पार पाडतो. यात गैर असे काही नाही. अनेक स्वतंत्र कॅमेरामन अत्यंत कसबी असतात. मात्र आपण ज्याचे काम पाहून पैसे देतो त्याऐवजी भलताच कोणी येणार असेल, तर ते आपल्याला आधी कळले पाहिजे. 'आमच्या लग्नाला कोण येणार, त्यांनी केलेले काम कोणते आणि ते आजारी पडल्यास पर्याय कोण' हे तीन प्रश्न थेट विचारावेत. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरीकडे चौकशी करावी.

छायाचित्रकार आणि व्हिडिओग्राफर यांचे संबंध हाही दुर्लक्षित विषय. दोघे वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर एकमेकांच्या चौकटीत येणे, मोक्याच्या जागेसाठी चढाओढ करणे असे प्रकार घडतात. दोघांना लग्नापूर्वी एकदा एकत्र बसवून उभे राहण्याच्या जागा ठरवून घ्याव्यात. एकाच स्टुडिओकडे दोन्ही कामे दिल्यास समन्वय सोपा होतो. परंतु छायाचित्रे उत्तम काढणाऱ्याचे व्हिडिओचे कामही तितकेच चांगले असेल, असे नाही. दोन्ही कामांचे नमुने स्वतंत्रपणे तपासावेत.

आवाजाची व्यवस्था

कॅमेऱ्यावर बसवलेला माइक हा मुख्यतः त्याच्या जवळचा आवाज टिपतो. मुख्य मंडपापासून पंधरा-वीस फुटांवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यात मंगलाष्टकांपेक्षा शेजारच्या पाहुण्यांच्या गप्पाच अधिक स्पष्ट येतात. यासाठी स्वतंत्र सोय लागते आणि ती फारशी खर्चिक नाही. मंगलाष्टके बहुतेक कार्यालयांत ध्वनिक्षेपकावरून म्हटली जातात. कार्यालयाच्या ध्वनियंत्रणेला एक छोटा रेकॉर्डर जोडला की ती स्वच्छ मिळतात. वराच्या किंवा गुरुजींच्या उपरण्याला छोटा बिनतारी माइक लावल्यास मंत्र, संकल्प आणि सप्तपदीच्या वेळचे बोलणे टिपता येते. दोन्ही व्यवस्था असाव्यात, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. 'आवाज कशावर घेता' या प्रश्नाला व्हिडिओग्राफर काय उत्तर देतो, यावरून त्याच्या कामाची पारख बऱ्याच अंशी होते.

आपल्याकडे अनेक कुटुंबांत वधूवरांची, त्यांच्या आईवडिलांची नावे गुंफून खास मंगलाष्टके रचली जातात आणि घरातील आत्या-मावश्या ती म्हणतात. त्यांना संगीताच्या दृष्टीने मोल असो वा नसो, ती त्या एका दिवसासाठी लिहिलेली असतात आणि पुन्हा कधी म्हटली जात नाहीत. त्यावर चित्रपटातील गाणे चढवणे म्हणजे मूळ पत्र फाडून नुसते पाकीट जपण्यासारखे आहे. घाण्याच्या वेळच्या ओव्या, हळदीची गाणी आणि पंगतीत घेतलेली नावे यांनाही हेच लागू पडते. छोट्या फितीत गाणे जरूर असावे. मोठी चित्रफीत मात्र मूळ आवाजासह हवी, असे स्पष्ट सांगून ठेवावे.

आणखी एक सूचना. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या किंवा देवकाच्या वेळी, घरातील ज्येष्ठांना एका शांत खोलीत बसवून प्रत्येकी पाच-दहा मिनिटे बोलते करावे. त्यांचे लग्न कसे झाले, मुलगी किंवा नातू लहानपणी कसा होता, एवढे दोन प्रश्न पुरेत. कॅमेरामन घरी आलेलाच असतो, त्यामुळे वेगळा खर्च सहसा येत नाही. लग्नाच्या गडबडीत आजी-आजोबा खुर्चीवर बसून असतात आणि चित्रफितीत त्यांच्या वाट्याला वाकून नमस्कार घेण्याचे क्षण तेवढे येतात. काही वर्षांनी हीच दहा मिनिटे घरात सर्वाधिक वेळा पाहिली जाण्याचा संभव असतो.

कॅमेरे, उजेड आणि ड्रोन

कॅमेऱ्याचे नाव आणि क्रमांक यांच्या तपशिलात ग्राहकाने फारसे शिरण्याचे कारण नाही. संख्या मात्र महत्त्वाची आहे. वधू आणि वर समोरासमोर उभे असताना एका कॅमेऱ्याला एकच चेहरा नीट दिसतो. शिवाय वधू गौरीहरापाशी असते त्याच सुमारास वराचे आगमन व स्वागत दुसरीकडे सुरू असते. त्यामुळे मुख्य लग्नासाठी किमान दोन कॅमेरे आणि ते चालवणारी दोन माणसे हवीत. त्यांपैकी एक कॅमेरा तिवईवर स्थिर असावा. सलग आणि न हलणारे चित्रण हाच पुढे संकलनाचा कणा ठरतो.

दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी चित्रण साठवणारे कॅमेरे आता सर्रास मिळतात. एक कार्ड खराब झाले तरी दुसऱ्यावर काम शिल्लक राहते. 'दोन्ही कार्डांवर एकाच वेळी घेता का' आणि 'त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत काढता का' हे अवश्य विचारावे. प्रतिसेकंद १०० मेगाबिट या वेगाने ४-के चित्रण केल्यास एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर हा आकडा ५४० जीबीवर जातो. प्रत काढण्याचा कंटाळा का केला जातो, याचे कारण यातून लक्षात यावे.

उजेडाचा विचार स्थळ ठरवताना करावा. हिरवळीवरील गोरज मुहूर्ताला अर्ध्या तासात प्रकाश झपाट्याने उतरतो. जादा दिवे लागणार असतील तर ते कोण आणणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे ठरलेले असावे. वधूवरांच्या मागे लखलखता एलईडी पडदा लावल्यास त्यांचे चेहरे काळवंडतात. सजावटकाराशी याबाबत आधी बोलून घ्यावे.

ड्रोनचे आकर्षण मोठे आहे, पण त्यावर कायद्याचे बंधन आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार ड्रोनची नोंदणी आवश्यक असून आकाशाची हिरवा, पिवळा व लाल अशा क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे ४०० फूट उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या व लाल क्षेत्रात ती लागते. वजन २५० ग्रॅमपेक्षा अधिक असलेला ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत विमानतळ व संरक्षण आस्थापनांमुळे बराच भाग निर्बंधांखाली येतो, तसेच पोलिसांकडून वेळोवेळी मनाई आदेशही काढले जातात. बंद सभागृहातील लग्नाला ड्रोन निरुपयोगीच. 'परवानगीचे आम्ही पाहून घेऊ' या तोंडी आश्वासनावर न विसंबता कागद पाहावेत.

परदेशी असलेल्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण करण्याची प्रथा २०२० मधील टाळेबंदीपासून रुळली. त्यासाठी वेगळा माणूस आणि कार्यालयात चांगला इंटरनेट वेग लागतो. मुख्य कॅमेरामनवरच हे काम टाकू नये. प्रक्षेपणात चित्रपटगीते वाजत असतील तर यूट्यूबसारख्या संकेतस्थळाकडून ते मध्येच थांबवले जाण्याचा किंवा मूक केले जाण्याचा धोका असतो. सनई किंवा मंगलाष्टके प्रत्यक्ष वाजत-गात असतील तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

दर आणि रक्कम

शहर, मुहूर्त आणि स्टुडिओचे नाव यांनुसार दरांत इतकी तफावत असते, की एखादा आकडा प्रमाण मानणे दिशाभूल करणारे ठरेल. तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्यावे आणि प्रत्येकात तीच विभागणी मागावी : किती दिवस, दिवसाला किती तास, किती माणसे, किती कॅमेरे, संकलनाचे काम किती आणि प्रवास-निवासाचा खर्च कोणाचा. अशा रीतीने मांडल्यावर स्वस्त दिसणारे 'पॅकेज' अनेकदा स्वस्त राहत नाही. लग्न लांबल्यास जादा तासाचा दर काय, हेही आधीच विचारावे. आपल्याकडील लग्ने वेळेवर संपत नाहीत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

जीएसटीसाठी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. सांगितलेला दर करासहित आहे की करावेगळा, याचा खुलासा करून घ्यावा. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला जीएसटी आकारता येत नाही. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग नोंदणीच्या वेळी, काही लग्नाच्या दिवशी आणि निदान चौथा हिस्सा अंतिम चित्रफीत व मूळ चित्रण हाती आल्यावर, अशी विभागणी दोघांनाही न्याय्य ठरते. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. कच्ची फीत पाहून महिनोन्‌महिने दुरुस्त्या न कळवणारे आणि उरलेली रक्कम देण्यास टाळाटाळ करणारे ग्राहकही असतात, अशी व्यावसायिकांची तक्रार असते. म्हणून दुरुस्त्यांची संख्या आणि त्या कळवण्याची मुदत दोन्ही ठरलेल्या असाव्यात.

करारपत्रात काय असावे?

ओळखीतला माणूस असल्याने लेखी काही करायला संकोच वाटतो. परंतु वाद होतात ते बहुधा स्मरणातील फरकामुळे. एका पानाचा मजकूर पुरेसा आहे. त्यात पुढील मुद्दे असावेत :

१. प्रसंग, तारखा, स्थळे, पोहोचण्याची वेळ आणि एकूण तास.
२. प्रत्यक्ष येणाऱ्या मुख्य कॅमेरामनचे नाव, माणसांची व कॅमेऱ्यांची संख्या, आणि आयत्या वेळचा पर्याय.
३. आवाजाची व्यवस्था : ध्वनियंत्रणेला जोडलेला रेकॉर्डर व बिनतारी माइक.
४. मिळणाऱ्या चित्रफिती : मोठी चित्रफीत मूळ आवाजासह, हायलाइट, टीझर, प्रत्येकाची अंदाजे लांबी.
५. संपूर्ण मूळ चित्रण ग्राहकाने दिलेल्या हार्ड डिस्कवर देण्याची तारीख, आणि तोपर्यंत स्टुडिओने ते जपून ठेवण्याची हमी.
६. पहिली प्रत व अंतिम प्रत देण्याच्या तारखा, दुरुस्त्यांची संख्या, विलंब झाल्यास रकमेतील कपात.
७. एकूण रक्कम, कर, हप्ते, जादा तासाचा दर.
८. लग्न पुढे ढकलले किंवा रद्द झाले तर आगाऊ रकमेचे काय.
९. चित्रण नष्ट झाल्यास किंवा कोणी आलेच नाही तर परतावा व भरपाई.
१०. जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर चित्रण वापरण्यास ग्राहकाची लेखी संमती.

यांतील पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक वेळा राहून जाणारा आहे. काही स्टुडिओ मूळ चित्रण देण्यास नाखूश असतात. अपुरे संकलित काम बाहेर जाऊ नये, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. काही जण त्यासाठी थोडे शुल्क मागतात. तेही मान्य करायला हरकत नाही, पण ते लग्नाआधी ठरावे. लग्नानंतर त्याबाबत घासाघीस करण्याची आपली स्थिती नसते.

लग्नाच्या दिवशी

चांगला व्हिडिओग्राफर निवडूनही त्याला कार्यालयात एकटे सोडले तर काम अपुरे राहते. त्याला आपली माणसे ओळखू येत नाहीत. दोन्ही घरांतून एकेक जाणता तरुण किंवा तरुणी त्याच्यासोबत द्यावी आणि ज्यांचे चित्रण झालेच पाहिजे अशा पंधरा-वीस जणांची यादी त्यांच्या हाती ठेवावी. गुरुजींशी आधी बोलून विधींचा क्रम व्हिडिओग्राफरला कळवावा. कॅमेऱ्यासाठी विधी थांबवणे, हार पुन्हा घालायला लावणे, होमाच्या वेळी 'इकडे बघा' म्हणणे हे चालणार नाही, असे स्पष्ट सांगावे. गुरुजींनाही ते आवडत नाही आणि चित्रणातही कृत्रिमपणा येतो.

मुहूर्ताच्या वेळी वधूवरांभोवती कॅमेरेवाल्यांचे कडे उभे राहते आणि अक्षता हातात धरून बसलेल्या पाहुण्यांना त्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. समोरची बाजू मोकळी ठेवून कॅमेरे दोन्ही अंगांना उभे करावेत, अशी सूचना यजमानांनीच द्यायला हवी. त्या माणसांच्या जेवणाची वेळही आखून द्यावी. ती मंडळी सकाळपासून उभी असतात, त्यांना वेळेवर व सन्मानाने जेवू घालणे हा आपला धर्मच. पण विहिणीच्या पंगतीत नावे घेतली जात असताना दोघेही एकाच वेळी जेवायला बसलेले नसावेत.

काही बिघडलेच तर

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून तयार करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणारा असतो. म्हणजे आपल्या लग्नाच्या चित्रफितीवर मूलतः आपला हक्क असतो. छापील अर्जावर सही करताना तो स्टुडिओकडे जात नाही ना, हे वाचून पाहावे. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार विवाहाच्या मिरवणुकीत व लग्नाशी संबंधित समारंभांत संगीत वाजवणे हे हक्कभंग मानले जात नाही. मात्र ही सवलत समारंभापुरती आहे. चित्रपटगीत चढवलेली फीत इंटरनेटवर टाकणे हा वेगळा विषय असून गाण्याचे हक्कदार तिच्यावर आक्षेप घेऊ शकतात.

कबूल केलेली सेवा मिळाली नाही, चित्रण हरवले किंवा चित्रफीत अनिश्चित काळ रखडली, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. बिल किंवा पावती न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. प्रथम लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि पाच लाखांपर्यंत तक्रार शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. लग्न गोव्यात किंवा कोकणात झाले असले तरी आपण जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. अर्थात, आयोगाकडून पैसे परत मिळतील, भरपाईही मिळेल. हरवलेले चित्रण मिळणार नाही. म्हणून सगळा भर आधीच्या काळजीवर.

चित्रफीत हाती आल्यावर

चित्रफीत मिळताच ती एकदा पूर्ण पाहावी. नावांतील चुका, गाळलेले विधी, आवाजातील खरखर यांची नोंद करून मुदतीत कळवावे. अंतिम प्रत घरच्या टीव्हीवर व साध्या संगणकावरही चालेल अशा प्रचलित स्वरूपात मागून घ्यावी. स्टुडिओने पाठवलेली लिंक ही साठवण नव्हे. ती काही काळाने बंद होते. पेन ड्राइव्हवरही विसंबू नये. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात. एक मुलाकडच्या घरी व एक मुलीकडच्या घरी ठेवली तर आगीपाण्यापासूनही संरक्षण मिळते. अंतिम चित्रफितीची तिसरी प्रत क्लाउडवर असावी. वर्षातून एकदा डिस्क जोडून पाहावी आणि काही वर्षांनी सारे नव्या साधनावर उतरवून घ्यावे.

हा सल्ला अतिरेकी वाटत असेल त्यांनी घरातील माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेट आठवून पाहाव्यात. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे दुर्मीळ होत आहेत आणि फितींवरील चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो आहे. ज्यांच्याकडे अशा कॅसेट असतील त्यांनी त्या विनाविलंब डिजिटल स्वरूपात उतरवून घ्याव्यात. नव्या लग्नाची बोलणी ज्या स्टुडिओशी चालू आहेत, त्याच्याकडेच ही सोय आहे का, असे विचारून पाहायला हरकत नाही.

लग्नात खर्चाच्या अनेक बाबी अशा असतात, की त्या संध्याकाळपर्यंत विस्मरणात जातात. चित्रण मात्र काळाबरोबर अधिक मोलाचे होत जाते, कारण त्यात असलेली माणसे एकेक करून कमी होत जातात. त्यांचे चेहरे छायाचित्रांतही सापडतील; त्यांचा आवाज केवळ येथेच मिळेल. व्हिडिओग्राफरशी बोलताना एवढे भान ठेवले तर कोणते प्रश्न विचारायचे, हे कोणी सांगण्याची आवश्यकता उरणार नाही.